आमच्याकडे

‘आमच्याकडे’ हा शब्द व्याकरणाच्या पुस्तकात अगदी गरीब चेहऱ्याने बसलेला असतो. ‘आमचा’चे सामान्यरूप, त्याला जोडलेले ‘कडे’ हे शब्दयोगी अव्यय, संपला परिचय. प्रत्यक्षात मराठी माणसाचे संस्कृतीविषयक जवळजवळ सगळे ज्ञान या एका शब्दात राहते. ‘आमच्याकडे नाही बाई असं’ या चार शब्दांत निरीक्षण आहे, तुलना आहे आणि निकालही आहे. अपिलाची सोय तेवढी नाही.

या शब्दाचे क्षेत्रफळ स्थिर नसते. मालवणात अंगणात बसून बोलणाऱ्याचे ‘आमच्याकडे’ म्हणजे त्याची वाडी. वहाळापलीकडच्या वाडीत सारात तिरफळे जास्त घालतात, ते ‘त्यांच्याकडे’. हाच माणूस लालबागला राहायला आला की त्याचे ‘आमच्याकडे’ पसरून अख्खे कोकण होते, बदली होऊन दिल्लीला गेला की महाराष्ट्र होते, आणि न्यू जर्सीला पोचला की भारत. तिथे तो परक्या पाहुण्याला छोले-भटुरे वाढताना ‘हे आमच्याकडे घरोघरी करतात’ असे बेधडक सांगतो. त्याच्या आईने उभ्या जन्मात भटुरा तळलेला नसतो. सुट्टीवर परतताना ही क्रिया उलटी घडते. मुंबईच्या विमानतळावर भारत गळून पडतो, पनवेल सोडले की महाराष्ट्र, आणि एसटी फाट्यावर थांबेपर्यंत वहाळापलीकडची वाडी पुन्हा परकी झालेली असते.

‘आमच्याकडे’ला एक सख्खा भाऊ आहे, ‘आमच्यात’. परभाषकाला दोघे जुळे वाटतात. मराठी माणूस मात्र त्यांच्यात कधीही गल्लत करीत नाही. ‘कडे’मध्ये भूगोल असतो आणि ‘त’मध्ये जात. ‘तुमच्याकडे अळूवडीत चिंच घालतात का?’ हा पाककृतीचा प्रश्न झाला. ‘तुमच्यात लग्नात मामाला काय मान असतो?’ या प्रश्नाला मामाशी काहीही कर्तव्य नसते. आडनावावरून अंदाज लागला तर हा प्रश्न विचारावाच लागत नाही, पण गावाच्या नावाला ‘कर’ लावून झालेली आडनावे याबाबतीत फार दगा देतात, आणि ‘पाटील’ तर हात वर करून मोकळा होतो. जात थेट विचारणे असभ्य मानले जाऊ लागल्यापासून या एका ‘त’ अक्षरावर कामाचा फार ताण आलेला आहे.

मामाच्या मानावरून काही निष्पन्न झाले नाही, तर चौकशी गौरींकडे वळते. ती उगाच वळत नाही. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर यायचे, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवायचे आणि मूळ नक्षत्रावर निघायचे, एवढे वेळापत्रक या माहेरवाशिणीने सगळ्यांसाठी एकच ठेवले आहे. बाकी सगळे यजमानावर. काही घरांत ती पाणवठ्यावरून आणलेल्या पाच किंवा सात खड्यांची असते, आणि खडे आणणारीने वाटेत बोलायचे नसते. घरातल्या सर्वांत बोलक्या मुलीला हे काम मिळते, यामागे धर्मशास्त्राखेरीज इतर कारणे असू शकतात. कोकणात कित्येक ठिकाणी तेरड्याची रोपे हीच गौर. देशावर तिला मुखवटा असतो, काठापदराची साडी असते, नथ असते, आणि पुढ्यात दिवाळी लाजेल एवढा फराळ. विदर्भ-मराठवाड्यात तिला गौर म्हटले तर लोक क्षणभर गोंधळतात, कारण तिथे ती महालक्ष्मी असते आणि तिला आंबील लागते. नैवेद्याचेही तेच. कुठे घावन-घाटले, कुठे पुरणपोळी आणि सोळा भाज्या, आणि बऱ्याच घरांत दुसऱ्या दिवशी तिखटाचे: मटण, कोंबडी, समुद्र जवळ असला तर खेकडे. पाहुणी एकच, पण एका घरात लसूणसुद्धा चालत नाही आणि दुसऱ्या घरात सागोती झाली नाही तर ती रुसते.

खड्यांच्या घरात तिखटाच्या गौरीची बातमी पोचली की यजमानीणबाईंचा चेहरा कसा होतो, ते सहज कल्पिता येते. उलट दिशेने बातमी गेल्यावर होणारा चेहरा तितकाच पाहण्यासारखा असतो: ‘खडे? अहो, मग साडी कोणाला नेसवता?’ दोन्ही घरांत आपण काही वैशिष्ट्यपूर्ण करीत आहोत, अशी कोणाचीही समजूत नसते. स्वतःच्या घरात असते ती रीत, शेजारच्या घरात असते ती प्रथा. रीत पाळायची असते. प्रथेबद्दल दिवाळी अंकात लेख येतो.

विद्वानांनी या विषयात बरीच ये-जा केली आहे. एडवर्ड टायलर या इंग्रज पंडिताने १८७१ साली संस्कृतीची एक लांबलचक व्याख्या केली, तीत ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी असे जे जे हाती लागले ते सगळे भरले. १९५२ मध्ये क्रोबर आणि क्लकहोन या दोन अमेरिकन मानवशास्त्रज्ञांनी तोवर झालेल्या व्याख्या मोजल्या, त्या १६४ भरल्या. इतक्या व्याख्या असलेल्या वस्तूची एकही व्याख्या चालत नसते, हे कोणत्याही सोसायटीच्या सचिवाने त्यांना फुकट सांगितले असते. समनर या त्यांच्याच देशबांधवाने १९०६ साली, आपल्या गटाला मध्यभागी ठेवून बाकीच्यांना त्याच मापाने मोजण्याच्या सवयीला एक भारदस्त पारिभाषिक नाव रूढ केले. मराठी बायका समनरच्या कितीतरी आधीपासून ‘आमच्याकडे नाही बाई असं’ म्हणत आल्या होत्या. त्यांनी ते छापले नाही, एवढेच.

खुद्द ‘संस्कृती’ या शब्दाची हकिगतही याच वळणाची आहे. बंगालीत या अर्थाने ‘कृष्टी’ हा शब्द वापरात होता. त्याला शेतीचा वास येतो म्हणून रवींद्रनाथ ठाकुरांना तो मुळीच आवडत नसे. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांना १९२२ च्या सुमारास पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून कळले की मराठीत यासाठी ‘संस्कृती’ म्हणतात. त्यांनी तो शब्द रवींद्रनाथांना सांगितला, त्यांना पसंत पडला आणि बंगालीत तो रुजला. पॅरिसमध्ये बसून एका मराठी माणसाने एका बंगाली माणसाला ‘आमच्याकडे असं म्हणतात’ हे सांगितले आणि समोरच्याने ते चक्क मान्य केले, अशी ही इतिहासातली दुर्मीळ घटना आहे.

‘आमच्याकडे’च्या मागोमाग ‘साधं’ येते. ‘आमच्याकडे आपलं साधं जेवण असतं’ हे वाक्य महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात म्हटले जाते आणि प्रत्येक जिल्ह्यात त्याचा अर्थ निराळा निघतो. पुण्याच्या साध्या आमटीत गोडा मसाला, चिंच आणि गूळ असतो. कोल्हापूरचा पाहुणा पहिल्या घोटानंतर वाटी बाजूला सारतो, कारण गोड शेवटी खायचे असा त्याचा संस्कार असतो. परतीच्या भेटीत कोल्हापूरच्या साध्या रश्शाने पुण्याच्या पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी येते आणि यजमानाला वाटते, पाहुणा गहिवरला. पोह्यांवर नागपूरला तर्री ओततात, इंदूरला शेव टाकतात आणि कोकणात दडप्या पोह्यांना विस्तव दाखवीतच नाहीत. या तिन्ही ठिकाणी दुसऱ्याच्या पोह्यांबद्दल ‘चांगले आहेत, पण पोहे नाहीत’ असेच मत आढळते. खानदेशात भरताची हिरवी मिरची हे मसाल्याचे नव्हे, भाजीचे प्रमाण असते. या सगळ्यांत वेगळे कोण, हे ठरवता येत नाही, कारण साधे सगळेच आहेत.

गव्हाच्या रोजच्या पोळीला काय म्हणावे, हा प्रश्न तर फार नाजूक. पुण्यात आणि विदर्भात ती पोळी. मुंबईत, कोल्हापुराकडे आणि इतर बऱ्याच घरांत ती चपाती, आणि पोळी म्हणजे पुरणाची. ‘या, पोळी-भाजी खाऊन जा’ या पुणेरी आग्रहाला भुलून बसलेला पाहुणा ताटात साधी चपाती पडलेली बघतो, तरी पुरण मागून येईल या आशेवर तीन खातो. हा निव्वळ शब्दांचा घोळ आहे असे समजणे भोळेपणाचे. पोळी म्हणावे की चपाती, या वादात गव्हाचा संबंध फार कमी असतो. तो ‘त’चाच प्रश्न आहे, पिठात मळलेला.

‘जेवण’ या शब्दाने मोडायला आलेली घरे त्याहून जास्त असावीत. काही घरांत स्वयंपाक करतात आणि मग जेवतात. काही घरांत जेवण करतात आणि मग जेवतात. दुसऱ्या प्रकारच्या घरातून पहिल्या प्रकारच्या घरात आलेली नवी सून सकाळी अकराला सासूबाईंना आनंदाने सांगते, ‘आई, मी जेवण केलं.’ सगळा ओटा पुसून, वाट्या मांडून ती कौतुकाची वाट पाहत उभी असते. सासूबाईंना एवढेच कळते, की मुलगी घरातल्या सगळ्यांच्या आधी जेवून मोकळी झाली.

पावित्र्य सर्वांत जास्त असते ते उपासाच्या ताटात, आणि सर्वांत जास्त परदेशी जिन्नसही त्याच ताटात असतात. बटाटा, रताळे, शेंगदाणे आणि मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसानंतर युरोपीय जहाजांतून, बहुतेक पोर्तुगीजांच्या हातून, ती इकडे उतरली. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही तिकडचाच. आज तो येतो तमिळनाडूतल्या सेलम भागातून. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळात एकादशीला साबुदाण्याची खिचडी मागणाऱ्याला कोणीही दाद दिली नसती. उलट गहू, तांदूळ, तूर हे पिढ्यान्‌पिढ्यांचे सोबती उपासाच्या दिवशी दाराबाहेर. या विषयावर मराठी घरांत वाद होत नाही. वाद होतो तो कोथिंबिरीवर. ‘आमच्याकडे उपासाला कोथिंबीर चालत नाही’ आणि ‘आमच्याकडे जिरं चालतं, पण हळद नाही’ ही विधाने अशा ठामपणे केली जातात, की जणू ती ताम्रपटावर कोरलेली आहेत. कोणत्याही दोन घरांचे ताम्रपट मात्र जुळत नाहीत. काही घरांत भेंडी चालते. का चालते, ते भेंडीलाही माहीत नसावे. एकाच धान्याला कोणी भगर म्हणते, कोणी वरी. दुकानदार दोन्ही नावांनी ते एकाच पोत्यातून देतो.

मराठी सीमेबाहेरचे शेजारी भेटतात ते शहरातल्या इमारतीत, आणि तिथे संस्कृतीचे शिक्षण जिन्यात दरवळणाऱ्या वासांवरून होते. श्रावणाचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात आणि गुजरातेत महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या वाराणसीच्या कुटुंबाचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी सुरू होतो. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या मराठी कुटुंबात आषाढाचे शेवटचे पंधरा दिवस चाललेले असतात, आणि श्रावण येतो आहे या जाणिवेने रोज बांगडे तळले जात असतात. खालच्यांना वाटते, वरच्यांना देवाधर्माचे काही नाही. मग येते आषाढी अमावास्या. त्या दिवशी काही घरांत दिवे घासूनपुसून त्यांची पूजा करतात, काही घरांत गटारी करतात, आणि काही घरांत सकाळी हे आणि संध्याकाळी ते. पुढचे पंधरा दिवस दोन्ही मजले सोवळ्यात. राखीपौर्णिमा झाली की दुसऱ्या मजल्याचा श्रावण संपतो, आणि तिसरा मजला पोळ्याच्या अमावास्येपर्यंत वरणभातावर काढीत असताना खालून कोंबडीच्या रश्शाचा वास येऊ लागतो. आता वरच्यांना वाटते, खालच्यांना देवाधर्माचे काही नाही. दोघांचा श्रावण मिळून दीड महिन्याचा होतो, आणि त्यातला एक महिना ते परस्परांच्या अधःपतनाचे साक्षीदार असतात. पंचांग उघडून पाहिले तर दहा मिनिटांत उलगडा होईल, पण पंचांग पाहायचे ते आपल्यासाठी, शेजाऱ्यासाठी नाही.

नवरात्रात ही परीक्षा आणखी कडक होते. एकाच देवीसाठी मराठी आणि गुजराती शेजारी नऊ दिवस उपास करतात, आणि बंगाली शेजारी सहकुटुंब नटूनथटून मंडपात जातो, परत येतो आणि नवमीला मटण खातो. ‘देवीचे दिवस, आणि मटण?’ असे मराठी घर कुजबुजते. मराठ्यांच्या कित्येक घरांत खंडेनवमीला बोकड पडतो, ही गोष्ट त्या कुजबुजीत सोयीस्करपणे वगळली जाते. बंगाली शेजाऱ्याचा प्रश्न त्याहून साधा असतो. आई माहेरी आली असताना तिच्यासमोर उपाशी कोण बसते?

नववर्षांचीही इमारतीत रांग असते. गुढीपाडव्यालाच तेलुगू आणि कन्नड घरांत उगादी, लगेच पुढे सिंधी घरात चेटीचंड, एप्रिलच्या मध्यावर तमिळ घरात पुत्तांडु, दिवाळीच्या पाडव्याला गुजराती घरात बेसतू वर्ष. पारशी शेजारी असला तर ऑगस्टमध्ये सगळे त्याला ‘हॅपी पतेती’ म्हणतात. पतेती म्हणजे खरे तर वर्षाचा शेवटचा दिवस, सरत्या वर्षातल्या पापांबद्दल पश्चात्ताप करण्याचा. नवे वर्ष दुसऱ्या दिवशी, नवरोजला. म्हणजे मुंबई पिढ्यान्‌पिढ्या पारशांना पश्चात्तापाच्या हार्दिक शुभेच्छा देत आली आहे, आणि पारशी सभ्य असल्यामुळे ‘थँक यू’ म्हणत आले आहेत.

बोलण्यातल्या फरकांविषयी विनोदी लेखकांनी इतके लिहिले आहे, की पुण्याची दुपार आणि दुकानदार यांना इथे विश्रांती द्यायला हरकत नाही. एक-दोन गोष्टी मात्र नोंदवण्याजोग्या. कोल्हापुरात बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सर्रास म्हणतात. ते ऐकून पुण्यामुंबईची माणसे त्यांना स्त्रीमुक्तीचे श्रेय देतात किंवा व्याकरणाचे गुण कापतात, आणि त्या बायका दोन्हींकडे दुर्लक्ष करून कामाला निघालेल्या असतात. नागपूरकर ‘काय करून राहिला बे?’ असे प्रेमाने विचारतो. पुण्याच्या माणसाला त्यातले प्रेम ऐकू येत नाही, ‘बे’ ऐकू येतो. आणि ‘राहिला’ ऐकून तो आपला पत्ता सांगू लागतो. मालवणी माणसाचा जिव्हाळा ज्या शब्दांत व्यक्त होतो ते शब्द छापता येत नाहीत. ते न छापता येणे हीच त्या जिव्हाळ्याची खूण समजतात.

शेजाऱ्याच्या संस्कृतीचे वर्गीकरण सामान्य माणूस कसे करतो, याचा उत्तम नमुना अलिबागच्या आसपासच्या गावांत मिळतो. तिथे बेने इस्रायल हा ज्यू समाज शतकानुशतके राहत आला. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या लोकांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. ते मराठी बोलत, तेल गाळण्याचा धंदा करीत आणि गावांवरून आडनावे लावीत: रोहेकर, पेणकर, किहीमकर. त्यांचा शब्बाथ शनिवारी, त्या दिवशी घाणा बंद. आजूबाजूच्या गावकऱ्यांनी जेरुसलेम, तोरा, प्रेषित वगैरे भानगडीत न पडता या समाजाला नाव दिले ‘शनिवार तेली’. म्हणजे शनिवारी तेल मिळत नाही. दोन हजार वर्षांचा इतिहास गिऱ्हाइकाच्या दृष्टीने जेवढा उपयोगाचा होता, तेवढा या दोन शब्दांत आला.

याच समाजाची दुसरी आख्यायिका आणखी गमतीची आहे. डेव्हिड रहाबी नावाचा एक बाहेरचा ज्यू त्यांच्यात आला. हे लोक खरोखरच आपल्यातले आहेत का, याची त्याला खात्री करून घ्यायची होती. त्याने धर्मग्रंथावर प्रश्न विचारले नाहीत. बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला काढले, जसे ज्यू धर्मशास्त्रात सांगितले आहे तसे. रहाबीची शंका फिटली. ‘तुमच्यात काय चालतं?’ हा प्रश्न एक शब्दही न उच्चारता विचारण्याची ही पद्धत कोकणातल्या कोणालाही तत्काळ पटेल. १९४८ नंतर यांतले बहुतेक लोक इस्रायलला गेले. तिथे एलियाहू प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात, त्यात पोहे आणि नारळ असतो. अलिबागेत ज्यांना शनिवारवरून ओळखले गेले, त्यांना तिथे पोह्यांवरून ओळखतात.

सरकारी आणि शालेय विविधतेचा कारभार निराळा. तिथे संस्कृती म्हणजे पोशाख. प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात काश्मीर फिरन घालून येतो, पंजाब भांगडा करतो, गुजरात टिपऱ्या वाजवतो आणि महाराष्ट्र जाळे खांद्यावर टाकून कोळी होतो. वर्गातला खराखुरा कोळ्याचा मुलगा अनेकदा पंजाबी होतो, कारण कोळ्याचा भाड्याचा ड्रेस दुसऱ्या कोणीतरी आधीच नेलेला असतो. ससून डॉकवर जीन्स घालून उभे असलेले त्याचे वडील मोबाइलवर फोटो पाहून ‘शोभतोस’ म्हणतात.

मोठेपणी हाच कार्यक्रम कचेरीत ‘ट्रॅडिशनल डे’ म्हणून परत भेटतो. शिवून आणलेली, चेन लावलेली नऊवारी, रेडीमेड फेटा, केरळच्या मुलांच्या मुंडूवर सगळ्यांची एकच काळजी. खरी पंचाईत होते ती वांद्र्याच्या ईस्ट इंडियन मुलीची. मुंबईचे मूळचे रहिवासी म्हणवणारा हा ख्रिस्ती समाज, घरची बोली मराठीची, आणि आजीच्या कपाटात लाल लुगडे. फ्रॉक घालून गेली तर ‘ट्रॅडिशनल का नाही घातलंस?’ लुगडे नेसून गेली तर ‘अय्या, महाराष्ट्रीयन झालीस!’ तिने ‘हे आमच्याकडचंच आहे’ असे सांगून पाहिले तर समोरची माणसे कौतुकाने हसतात. वैविध्यावरच्या कार्यशाळेत मात्र त्याच दिवशी सगळ्यांना पूर्ण गुण मिळतात.

घरापासून फार दूर गेलेली मराठी संस्कृती दोनांपैकी एका मार्गाने जाते. ती विरघळते किंवा गोठते. विरघळण्याचे उदाहरण तंजावरचे. सतराव्या शतकात व्यंकोजी भोसल्यांनी तिथे राज्य स्थापले, ते १८५५ पर्यंत टिकले, आणि तंजावरी मराठी काही घरांत अजून बोलली जाते. तिथल्या राजवाड्यात एकदा आमटीला आमसुले मिळेनात, म्हणून चिंच घातली आणि संभाजीराजांच्या नावावरून त्या पदार्थाला सांबार म्हणू लागले, अशी एक कथा आहे. तिला ऐतिहासिक आधार नाही; पण ती मराठी माणसाला सांगितली की तो इडलीकडे वेगळ्याच मालकीहक्काने पाहू लागतो. तमिळ माणसाला सांगितली की तो एवढेच विचारतो, ‘मग तुमच्या आमटीत गूळ कोणी घातला?’

गोठण्याची उदाहरणे जास्त आहेत. मॉरिशसमध्ये ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी गणपती इतका जपला की गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. त्याचे अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते. अमेरिकेत गणपती बहुधा शनिवारी बसतो, कारण तिथे तिथीपेक्षा पार्किंग महत्त्वाचे. महाराष्ट्र सोडताना ज्या वर्षीची संस्कृती सामानात बांधली होती, त्याच वर्षीची ती राहते. तिकडची मुले मोदकाच्या कळ्या मोजून पाडायला शिकतात आणि भावगीते पाठ म्हणतात. सुट्टीत पुण्याला येतात तेव्हा त्यांचा आतेभाऊ त्यांना पिझ्झा खायला घेऊन जातो. ‘आमच्याकडे असं नसतं’ हे वाक्य इथे पहिल्यांदाच आठ हजार मैलांवरून महाराष्ट्राला ऐकवले जाते.

‘आमच्याकडे’चा सर्वांत अवघड प्रसंग मात्र परदेशात घडत नाही, लग्नात घडतो. इरावती कर्व्यांनी नातेव्यवस्थेच्या अभ्यासात दाखवले, की महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश आहे. उत्तरेत मामाची मुलगी म्हणजे बहीण; दक्षिणेत ती हक्काची बायको; महाराष्ट्रात बऱ्याच जातींत ती चालते, काहींत नाही. मामेबहिणीशी लग्न करण्याचा मोठा फायदा हा, की दोन्ही ‘आमच्याकडे’ पूर्वीपासून ओळखीची असतात. बाहेरची सून आणली, मग ती दुसऱ्या जिल्ह्यातली असो, जातीतली असो की प्रांतातली, की पहिल्या दिवशीच एका स्वयंपाकघरात दोन ‘आमच्याकडे’ उभी राहतात. फोडणीत आधी मोहरी की आधी जिरे, एवढ्यावरून सुरुवात होते. सून पहिल्या वर्षी ‘आमच्याकडे’ म्हणते तेव्हा ते माहेर असते, आणि सासरी प्रत्येक वेळी भांडे जरा जोरात ठेवले जाते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती हा शब्द जपून वापरू लागते, ‘आईकडे’ म्हणते. आणि मग कधीतरी, बहुधा तिचे स्वतःचेही लक्ष नसताना, शब्द कूस बदलतो.

हे सासरी कोणाच्या ध्यानात येत नाही. ते कळते फोनवर, आणि कळते ते फक्त आईला. भाद्रपदातली सकाळ असते. पाणवठ्यावरून खडे आणून झालेले असतात, घावनांचे पीठ भिजलेले असते, आणि आई लेकीला विचारते, तुला इथून पाच खडे पाठवू का, तिकडे नदी लांब आहे ना. लेक घाईत असते, पाठीमागे कोणीतरी स्टँड आणि मुखवटे काढत असते. ‘अगं आई, खडे नकोत,’ ती म्हणते, ‘आमच्याकडे उभ्या असतात.’

आई जरा थांबते. मग विचारते, ‘हो का? मग तुमच्याकडे साडी कोण नेसवतं?’